फारगोच्या केबिनमधली थंड हवा आणि ‘ओरिजिनल’ नावाचा सोवळेपणा

१/
मित्रहो, जुन्या मालट्रकच्या केबिनमध्ये एसी बसवणे म्हणजे इतिहासद्रोह, असा निवाडा आपल्या इतिहासप्रेमी वर्तुळात हल्ली फार सहज दिला जातो. कोणी एखादा फारगो, डॉज किंवा टाटा-मर्सिडीज भंगारातून वाचवतो, दोन-तीन वर्षे खपून तो रस्त्यावर आणतो आणि हौसेने त्याचे छायाचित्र टाकतो. डॅशबोर्डाखाली थंड हवेची पेटी दिसली की प्रतिक्रिया सुरू होतात: ‘वाट लावली’, ‘ओरिजिनल राहिला नाही’, ‘याला वारसा म्हणू नका’. हा धागा त्या निवाड्याविरुद्ध आहे. मोठा आहे, सावकाश वाचा.

२/
माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ट्रकच्या बाबतीत ‘मूळ रूप’ ही कसोटी उसनी आहे. ती राजेरजवाड्यांच्या मोटारींच्या दालनातून आली आणि तिथेच शोभते. आपल्याकडच्या ट्रकचा इतिहास हा पहिल्या दिवसापासून फेरफारांचा इतिहास आहे. जाणीवपूर्वक बसवलेला, उद्या काढून ठेवता येईल असा आणि नोंद केलेला एसी त्या इतिहासाला बाध आणत नाही. उलट ‘ओरिजिनल’च्या हट्टापायी एका माणसाचा इतिहास आपण पुसतो. तो माणूस म्हणजे त्या केबिनमध्ये आयुष्य काढलेला चालक.

३/
सुरुवात कुर्ल्यापासून करू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आज तिथे कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. जवळच्या प्रीमियर रोडचे नाव तेवढे जुनी ओळख सांगते. घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या परिसरात जे औद्योगिक उपनगर वाढले, त्याच्या उभारणीत या कारखान्याचा वाटा मोठा होता.

४/
आता गंमत पाहा. डॉज, फारगो आणि डी सोटो ही तीन नावे आपण तीन घराण्यांसारखी उच्चारतो. प्रत्यक्षात क्रायस्लर कंपनी जवळजवळ एकच ट्रक वेगवेगळ्या नावांनी विकत असे. पुढची जाळी आणि नावाची पट्टी बदलली की विक्रेता बदलला. म्हणजे ज्या पट्टीकडे बोट दाखवून आज आपण ‘अस्सल फारगो’ असे म्हणतो, ती पट्टी मुळात विक्रीची सोय होती. अस्सलपणाची चर्चा करायची तर निदान एवढे ठाऊक असावे.

५/
त्याहून महत्त्वाची गोष्ट केबिनची. त्या काळी आपल्याकडे ट्रक बहुधा पूर्ण विकला जातच नसे. मालकाला मिळे ती चॅसिस: सांगाडा, इंजिन, चाके, बॉनेट आणि पुढचा दर्शनी पत्रा, ज्याला काउल म्हणतात. मालक ती चॅसिस बॉडी बांधणाऱ्याकडे नेई. तिथे सुतार लाकडी चौकट उभी करी, पत्रेवाला पत्रा ठोकी, रंगारी नाव आणि नक्षी काढी. चालकाची बैठक, दारे, छप्पर, मागचा हौदा हे सारे कारखान्याबाहेर, हातांनी घडे. १९५४ पासून जमशेदपूरला बनणाऱ्या टाटा-मर्सिडीजचीही हीच रीत होती.

६/
म्हणजे ज्या केबिनमध्ये ‘बाहेरची वस्तू’ बसवली म्हणून आपण संतापतो, ती संपूर्ण केबिनच बाहेरची आहे. आजच्या बाजारभाषेत बोलायचे तर ती ‘आफ्टरमार्केट’ आहे. तिचा आराखडा डेट्रॉइटला नव्हता, कुर्ल्यालाही नव्हता. तो एखाद्या मिस्त्रीच्या डोक्यात होता. त्याने तो कागदावर काढला नाही आणि त्याचे नाव कोणत्याही पाटीवर आले नाही. ‘कारखान्यातून निघाला तसा ट्रक’ हवा असेल, तर केबिन आणि हौदा उतरवून उघड्या चॅसिसवर लाकडी खोके टाकून बसावे लागेल. कारखान्याच्या फाटकापासून बॉडीवाल्याच्या दारापर्यंत कित्येक चॅसिस तशाच नेल्या जात.

७/
इंजिनाचे काय? क्रायस्लरचे मूळ इंजिन पेट्रोलवर चाले. आपल्या मालवाहतुकीला पेट्रोलचा खर्च परवडेना. पन्नाशीच्या दशकात मद्रासच्या सिम्पसन कंपनीने ब्रिटनच्या पर्किन्सचे पी-६ हे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन भारतात बनवायला घेतले आणि प्रीमियरच्या डॉज-फारगो ट्रकांत ते बसू लागले. सुमारे ८० अश्वशक्तीचे, आवाजी आणि तापट. जुनी माणसे फारगोचा जो घरघराट आठवून सांगतात, तो बहुधा अमेरिकी फारगोचा नसतोच. तो इंग्रजी वंशाच्या, मद्रासी जन्माच्या इंजिनाचा असतो.

८/
अमेरिकी सांगाडा, मद्रासचे इंजिन, स्थानिक मिस्त्रीची केबिन, मालकाच्या गावच्या देवाचे कपाळावर लिहिलेले नाव. यातला कोणता थर ‘मूळ’ धरायचा? वारसावादी मंडळी एक ठरावीक वर्ष निवडतात, त्या वर्षापर्यंतच्या फेरफारांना परंपरा म्हणतात आणि त्यानंतरच्या फेरफारांना विटंबना. ते वर्ष कोणी ठरवले, असे विचारले की उत्तर मिळत नाही. बहुतेक वेळा ते निवाडा देणाऱ्याच्या बालपणाचे वर्ष असते.

९/
ज्यांना हे पटत नसेल त्यांनी काळी-पिवळी आठवावी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली आणि शहर हळहळले. पण आपण हळहळलो ती टॅक्सी कोणती? टपावर सामानाचा कॅरिअर, बाहेरच्या अंगाला लोखंडी मीटर, आत रंगीबेरंगी छत, आणि मागे सीएनजीची टाकी असलेली. यातले काहीही मूळ फियाटच्या आराखड्यात नव्हते. कित्येक गाड्यांनी पेट्रोल, डिझेल, सीएनजी असे तीन अवतार पाहिले. हे सारे काढून घेतले तर पद्मिनी उरेल, मुंबईची टॅक्सी उरणार नाही.

१०/
आता थंड हवेकडे वळू. वातानुकूलन हे आजचे चोचले आहेत आणि जुन्या वाहनात ते कालविसंगत दिसते, असा एक आक्षेप असतो. म्हणून थोडा कालक्रम पाहू. विलिस कॅरिअर या अभियंत्याने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. कारण काय? दमट हवेत कागद फुगे आणि रंगछपाई हुकत असे. आधुनिक वातानुकूलनाचा पहिला लाभार्थी कागद होता. माणसाची पाळी नंतर आली, आणि सगळ्या माणसांची एकदम आली नाही.

११/
मुंबईत ती पाळी कोणाची आली? १९३३ साली कुलाब्याजवळ वातानुकूलित रीगल चित्रपटगृह सुरू झाले. १९३४ साली मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला थंड हवेचे डबे जोडले गेले. डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या भरत, पंख्याने त्यांच्यावरून हवा आत सोडत आणि वाटेतल्या स्थानकांवर नवा बर्फ भरला जाई. ही गाडी अंधेरी-बोरिवलीवरूनच गुजरातेकडे जाई. म्हणजे ९० वर्षांपूर्वी आपल्या उपनगरांच्या उशाशी थंड हवा धावत होती. ती वरच्या दर्जाच्या प्रवाशांची होती, एवढेच.

१२/
मोटारींचेही तेच. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी कारखान्यातूनच बसवलेले वातानुकूलन देऊ केले. यंत्रणेचा मोठा भाग मागच्या सामानाच्या कप्प्यात असे. थंडावा बंद करायचा तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. १९५३ साली क्रायस्लरने आपल्या इम्पिरिअल मोटारीत ‘एअरटेम्प’ नावाची यंत्रणा दिली. नाव नीट वाचा: क्रायस्लर. म्हणजे डॉज आणि फारगो ट्रकची जन्मदात्री कंपनीच. केबिन थंड कशी करायची हे तिला कळत नव्हते, असे म्हणायला जागा नाही. ट्रकवाल्याची केबिन थंड करण्याचे तिला कारण वाटले नाही.

१३/
त्याच पन्नाशीच्या दशकात अमेरिकेच्या टेक्साससारख्या उष्ण राज्यांत जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डाखाली टांगायच्या एसीच्या पेट्या बनवणारे छोटे कारखाने निघाले. गाडी तीच राही, थंडावा नंतर येई. म्हणजे ‘जुन्या गाडीला नंतर बसवलेला एसी’ ही प्रथाच सुमारे ७० वर्षांची आहे. आपल्याकडच्या निळ्या ‘कूल कॅब’ टॅक्सी नव्वदीच्या दशकातल्या प्रवाशांना आठवत असतील. ज्या गोष्टीला स्वतःचा एवढा इतिहास आहे, ती इतिहासाबाहेरची कशी?

१४/
आणखी एक विसंगती. अमेरिकेत त्या काळच्या ट्रकांना हीटर म्हणजे केबिन गरम ठेवणारे यंत्रही वेगळे पैसे मोजून बसवून घ्यावे लागे. आज जुना ट्रक उभा करणारा एखादा अमेरिकी हौशी त्या काळचा हीटर शोधून बसवतो, तेव्हा सगळे वाहवा करतात. आपण इथे बसून तेच आदर्श गिरवतो. कॅनडातल्या हिवाळ्यावरचा उपाय तेवढा अस्सल, आणि मुलुंडच्या वैशाखावरचा उपाय बाटगा, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? मिशिगनच्या हवेला जे साहजिक, तेच शुद्ध असे मानणे म्हणजे वारसाप्रेमाच्या वेषातली वसाहतवादी सवय आहे.

१५/
आता उकाड्याविषयी. १४ एप्रिल १९५२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ४२.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. कुर्ल्यात ट्रक बनत होते तो हाच काळ. वेधशाळेचा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत असतो. ट्रकच्या केबिनमध्ये सावली नावापुरती. वर पत्रा, समोर काच, पायांशी इंजिन आणि गीअरपेटीची धग, शिवाय समुद्राकाठचा दमटपणा, ज्यात घाम वाळत नाही. घाम वाळला तर शरीर निवते. तो नुसता निथळत राहिला तर शरीर तापतच जाते. हे कोणत्याही चालकाला शाळेत न जाता कळते.

१६/
आणि ट्रक धावत असला तर निदान वारा तरी लागे. थांबला की संपले. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. पुढे कित्येक वर्षे या वेशीवरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. कागद तपासणे, माल पाहणे, पैसे भरणे, आणि तोवर थांबणे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईची जकात संपली. त्याआधीच्या पिढ्यांनी मुलुंड चेकनाक्यावर भर दुपारी जे तास काढले, त्यांचे स्मारक कुठे आहे? आपल्या ‘ओरिजिनल’ केबिनमध्ये त्या तासांची एखादी तरी खूण आपण जपतो का?

१७/
त्या खुणा होत्या. खिडकीला ओले गोणपाट. डॅशवर टेकवलेला छोटा पंखा. वर उघडेल अशी करून घेतलेली समोरची काच. छताला आतून मारलेले लाकूड किंवा रेक्झिन, पत्र्याची धग थोडी अडावी म्हणून. सीटवर मण्यांचे आसन, पाठ चिकटू नये म्हणून. ही सारी चालकांनी स्वतः केलेली वातानुकूलनाची यंत्रणाच होती. ट्रक ‘मूळ रूपात’ आणताना सर्वांत आधी काय फेकले जाते? हेच. पंख्याच्या स्क्रूंची भोके बुजवतात, रेक्झिन उचकटतात आणि त्यावर ‘अस्सल’ रंग मारतात.

१८/
म्हणून मला ‘ओरिजिनल’वाल्यांचा राग खोटा वाटतो. आरशासारखा चकचकीत रंग, क्रोमचा मुलामा, पांढऱ्या कडेचे टायर: या अवतारात मालवाहू ट्रक मुंबईच्या रस्त्यावर फिरत असतील, हे कोणाही जुन्या चालकाला विचारून पाहा. त्या खोटेपणावर कोणी ब्र काढत नाही, कारण तो डोळ्यांना सुखावतो. एसीची पेटी मात्र खटकते, कारण ती एक प्रश्न विचारते: इतकी वर्षे इथे माणूस कसा बसत होता?

१९/
या प्रश्नाचे सरकारी उत्तर यायला किती काळ लागला ते पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटांतल्या, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन हवेच. १९३३ साली चित्रपटाचा प्रेक्षक, १९३४ साली वरच्या दर्जाचा प्रवासी, १९४० साली पॅकार्डचा मालक. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला पहिली वातानुकूलित लोकल निघाली आणि उपनगरी नोकरदाराचा नंबर लागला. सर्वांत शेवटी, २०२५ साली, ट्रकचालक.

२०/
फ्रंटियर मेलच्या बर्फापासून ट्रकच्या केबिनपर्यंत ९१ वर्षे. अंतर तेच, अंधेरी-बोरिवलीच्या रुळांपासून शेजारच्या द्रुतगती महामार्गापर्यंतचे. मित्रहो, आपण सनावळ्या पाठ करतो. ही सनावळीही पाठ करा. कोणत्या समाजाने कोणाला केव्हा थंड हवा दिली, यावरून त्या समाजाची उतरंड जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती पुष्कळ ताम्रपटांतूनही दिसत नाही.

२१/
विरुद्ध बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा आता घेतो, तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. जुनी वस्तू हा पुरावा असतो. पुराव्यात ढवळाढवळ केली तर पुढच्या अभ्यासकाचे नुकसान होते. हे मला पूर्ण मान्य आहे. एखाद्या प्रकारचा शेवटचा उरलेला ट्रक असेल, जुनी लाकडी केबिन शाबूत असेल, तर त्याला हात लावू नये. एसी नाही, नवा रंगही नाही. तो संग्रहालयात जावा आणि गंजासकट जपला जावा. माझा वाद चालत्या ट्रकविषयी आहे, जो रस्त्यावर यावा म्हणून आधीच शंभर ठिकाणी दुरुस्त झाला आहे.

२२/
चालत्या जुन्या वाहनांसाठी जगात एक सनद आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली टुरिन सनद. तिचा रोख थोडक्यात असा: वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत. आज काही नवे जोडावे लागले तर ते नजरेत न भरणारे, पूर्ववत करता येण्याजोगे असावे, आणि काढलेले मूळ भाग वाहनाबरोबरच जपावेत. ‘काही जोडूच नये’ असे ती म्हणत नाही. आपले स्वयंघोषित पहारेकरी मात्र सनदेपेक्षा कडक सोवळे पाळतात.

२३/
मग एसी बसवायचा कसा? तत्त्व घरच्या फ्रिजचेच. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायू दाबतो. जाळीमागे, रेडिएटरपुढे बसलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा टिपतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटताना तो थंडावतो आणि डॅशखालच्या पेटीतला इव्हॅपोरेटर केबिनमधली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसरसाठी इंजिनाच्या मोकळ्या बोल्टांवर बसणारी ब्रॅकेट बनवावी, वेल्डिंग करू नये. पट्टा एका रेषेत नसेल तर तो उडतो, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

२४/
खरा कस पुढे लागतो. कंडेन्सरमुळे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. म्हणून रेडिएटर साफ, पंखा दमदार आणि हवा इकडेतिकडे न निसटू देणारे आवरण हवे, नाहीतर चढावर इंजिन उकळते. जुना डायनामो ब्लोअर आणि क्लचचा भार पेलत नाही. अल्टरनेटर लागतो, आणि विजेची यंत्रणा सहा व्होल्टची असेल तर बाराची करावी लागते. केबिनला फटी असतील तर सारा थंडावा रस्त्यावर जातो. म्हणून आधी दारांचे रबर, फरशीला आणि इंजिनाकडच्या पत्र्याला उष्णतारोधक थर, आणि मग एसी. हा क्रम चुकवणारे नंतर एसीला दोष देतात.

२५/
इथेही ‘ओरिजिनल’चा हट्ट किती निरर्थक ठरतो ते पाहा. त्या काळच्या यंत्रणेत आर-१२ हा वायू असे. त्याने ओझोनच्या थराला इजा होते म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याची पीछेहाट झाली. आज आर-१३४ए सारखे वायू भरतात. काळाशी इमान राखायचे म्हणून कोणी आर-१२ शोधत बसावे का? अर्थात नाही. म्हणजे काही ठिकाणी काळाशी बेइमानी करणेच योग्य असते, हे सगळ्यांना मान्य आहे. भांडण फक्त रेषा कुठे ओढायची याचे आहे.

२६/
माझी रेषा सांगतो. डॅशबोर्डाचा पत्रा कापणे, काउल भोसकणे, जुने मीटर भंगारात देणे, चॅसिसवर वेल्डिंग करणे: हे गुन्हे आहेत आणि त्यांचा मी धिक्कार करतो. टांगलेली पेटी, बोल्टची ब्रॅकेट, आधीपासून असलेल्या भोकांतून नेलेल्या नळ्या, जपून ठेवलेला डायनामो: ही सभ्यता आहे. आणि प्रत्येक कामाआधीचे छायाचित्र व तारीख लिहिलेली वही हवीच. उद्या कोणा अभ्यासकाला ट्रक पूर्ववत पाहायचा असेल तर दोन दिवसांत तो तसा करून दाखवता आला पाहिजे.

२७/
कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या नोंदीशी विसंगत फेरफारांना आडकाठी करते, म्हणून अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जे आपले आरटीओ असेल तिथे विचारूनच काम करावे. जुलै २०२१ चे नियम ५० वर्षांहून जुन्या, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात बदल न झालेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणतात. त्या वाहनाचा व्यापारी वापर करता येत नाही. या व्याख्येत पर्किन्स इंजिनाचा, तीनदा बॉडी बदललेला कष्टकरी ट्रक कसा बसावा? कायद्यानेही वारसा म्हणताना दिवाणखान्यातली मोटारच डोळ्यांसमोर ठेवली.

२८/
शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो. ‘अहो, जुना ट्रक सजवून एसीत बसणारा हा चालक नव्हे, हौशी मालक आहे. तुम्ही चालकाचे नाव घेऊन श्रीमंताच्या खेळण्याची वकिली करता.’ यात तथ्य आहे. नुसता थंडावा बसवून, पार्ल्यापासून पवईपर्यंत रविवारची रपेट मारून चालकाचे ऋण फिटत नाही. म्हणून माझी मालकांकडे एक मागणी आहे. एसी बसवा, पण त्या पेटीशेजारी एक छोटी पाटी लावा: ‘हा ट्रक अमुक साली रस्त्यावर आला. तमुक सालापर्यंत त्यात थंड हवा नव्हती. तो चालवणारे अमुक.’

२९/
नावे सापडत नाहीत, असे म्हणू नका. जुन्या परवान्यांत, आरसी पुस्तकात, वाहतूक कंपनीच्या वह्यांत, मालकाच्या घरच्या आठवणीत ती असतात. आपण शिलालेखातले झिजलेले अक्षर वाचायला तासन्‌तास घालवतो. ३० वर्षे एकच गाडी चालवलेल्या माणसाचे नाव विचारायला एक फोन पुरतो.

३०/
आणि तुम्हा तरुण वाचकांकडे मागणी अशी. पुढच्या वेळी जुना ट्रक दिसला की ‘ओरिजिनल आहे का’ हा प्रश्न विचारू नका. केबिन कोणी बांधली, इंजिन केव्हा बदलले, चालक कोण होता आणि उन्हाळ्यात तो काय करत असे, हे विचारा. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, अंधेरीच्या गल्ल्यांत बॉडीचे काम केलेले म्हातारे मिस्त्री अजून भेटतात. त्यांची हत्यारे, त्यांचे शब्द, त्यांची मापे लिहून ठेवा. त्यांच्यानंतर ही माहिती कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

३१/
फारगोच्या केबिनमध्ये आज कोणी थंड हवा सोडली, तर तिथे बसून एकदा एसी बंद करून पाहा. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, मुलुंड नाक्यापाशी, काचा खाली करून फक्त २० मिनिटे. मग ‘ओरिजिनल’ म्हणजे काय ते कळेल. त्यानंतरही कोणाला त्या पेटीचा राग आला, तर त्याच्याशी मी जरूर वाद घालीन.

धागा समाप्त. मतभेद अवश्य लिहा. तुमच्या घरात कोणी ट्रक चालवला असेल किंवा बॉडीचे काम केले असेल, तर त्यांच्याशी आधी बोला आणि त्यांच्या संमतीने त्यांची आठवण इथे जोडा.